साडेबावन्न

एकविसावा रोजा. धरणगावात दुपारचं डांबर
चपलेला धरून ठेवतं.
विसपुते सराफांच्या पेढीवर आई बसली आहे.
पाण्याचा ग्लास आला, तिनं नुसता हात हलवला,
सराफ जीभ चावून म्हणाले, "विसरलोच, जैतूनबी."

मांडीवरचं फडकं सुटतं :
गोठ, दोन वाक्या, तोडे, एक हसळी.
निकाहाच्या मेहरमधलं सगळं.

अब्बांनी हे तिला एका दिवसात दिलं.
अब्बांच्या छातीत बसलेल्या कापसानं
ते सात वर्षांत नेलं.
मग आई गाद्या शिवत राहिली,
अमळनेरच्या गहाणवटीतून एकेक नग सोडवत राहिली,
आणि शेवटचा तोडा घरी आला त्याला काल
चांदाच्या हिशोबानं वर्ष झालं.
"वरीस भरनं," ती म्हणाली. "आते मोजा."

साडेबावन्न तोळे.
तेवढी चांदी वर्षभर घरात टिकली
की तिचा चाळिसावा भाग आपला नाही.
कधीच नव्हता, आई म्हणते,
आपण फक्त कुलूप होतो.

आमचं घर घेणारं.
दर रमजानला कुणीतरी यायचं.
चांगली माणसं चहाच्या पुड्यात नोट घालून द्यायची,
किंवा "शिलाईचे राहिले होते" म्हणायची
आणि शिलाई कधीच राहिलेली नसायची.
एका वर्षी करामत हाजींचा थोरला
गल्लीच्या तोंडाशीच ओरडला, "जकातवाले, दार उघडा!"
आईनं दार उघडलं. पदर पुढे ओढून घेतलं.
कारण घरात आम्ही चौघं होतो.
त्या रात्री तिनं नमाज इतकी लांबवली
की सजद्यातच झोपली असं मला वाटलं.

अब्बांची पिंजण भिंतीवर आहे अजून, तात तुटलेली.
मौलवीसाहेब सांगायचे, कयामतीच्या दिवशी
डोंगर पिंजलेल्या लोकरीसारखे उडतील.
अब्बा विचारायचे, सातपुडासुद्धा?
मग हसायचे, खोकायचे,
"त्या दिवशी तरी पिंजाऱ्याला काम नसणार."
मला भीती वाटायची. त्यांना नाही.
उत्तर एकालाच द्यायचंय, म्हणायचे,
आणि तो उधारी लिहून ठेवतो तशी माफीही लिहितो.

काट्यावर लाल आकडे थरथरून थांबले.
सराफांनी ग्रॅमचे तोळे केले, पुन्हा केले.
"नाही भरत, जैतूनबी. जेमतेम दोन ग्रॅम कमी.
सुटलात. द्यायला नको."

आई सुटली नाही.
तिचा चेहरा असा उतरला, जणू कुणी
आत्ताच परत गल्लीच्या तोंडाशी ओरडलं.
मग गळ्यातल्या काळ्या दोऱ्याची गाठ
ती दातांनी सोडू लागली, सोडू लागली,
आणि अब्बांची अंगठी, आतून झिजलेली, चांदीची,
काट्यावर ठेवली.
"हाई बी टाका."

आकडे हलले. सहाशे चौदा.

सराफ चष्मा काढून बघत राहिले.
चाळीस वर्षांत, म्हणाले,
माल जास्त भरावा म्हणून लोक भांडले ते विकताना.
तोलण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.
आईनं ते ठेवलेच, बळजबरीनं.

रक्कम काही मोठी नाही.
माझ्या भुसावळच्या ओव्हरटाइमच्या चार रात्री.
तिनं नोटा मोजल्या, इस्त्री केल्यासारख्या सपाट केल्या,
दोन घडीच्या फ्रॉकांमध्ये सरकवल्या.
हमाल शकूरची सुगरा, नवऱ्याला जाऊन
अजून वर्ष नाही, दोन मुली.
"काय म्हणशील देताना?" मी विचारलं.
"पोरीस्ले ईदी. अजून काय?"
"पण जकात आहे ना?"
"ते त्याले माहीत शे," तिनं बोट वर केलं.
"मना दिलले माहीत शे. सुगराले कशाले पाहिजे?"

मगरीबला थोडा वेळ होता.
मी ओट्यावर खजुराची बशी घेऊन बसलो,
ती गल्ली ओलांडून गेली,
सावल्यांच्या कडेकडेनं, चोरासारखी.

अजान झाली तेव्हा परत आली.
खजूर हातात घेतला, तोंडाशी नेला,
थांबली.
मला वाटलं दुआ करतेय.

"पोऱ्या," हळूच म्हणाली,
"मी तिनी कडी वाजाडी,
आवाज गल्लीम्हा गया का रे?"